न्याहारीची पेज : ओट आणि नाचणी

ठाण्याच्या पूर्वेस, खाडीच्या कांठीं, कोपरी नांवाचें जुनें गांव आहे. आज त्याला गांव म्हणावयाचें तें केवळ जुन्या नांवाच्या आदरापोटीं. कारण इमारतींनीं त्याला चोहोंकडून वेढलें आहे. तथापि मीठबंदर हें नांव तेथील रस्त्यानें अद्याप टाकलेलें नाहीं. १८५३ सालच्या एप्रिल महिन्याच्या १६ तारखेस बोरीबंदराहून पहिली आगगाडी ठाण्यास आली. लोहमार्गानें शहराचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग पडले, आणि कोपरी पूर्वेस राहिली. मूळच्या कोळी-आगरी वस्तींत फाळणीनंतर सिंधी कुटुंबांची भर पडली. पुढें नोकरीच्या निमित्तानें महाराष्ट्राच्या सर्व भागांतून माणसें आलीं. या सर्वांच्या चुली निराळ्या, चवी निराळ्या. परंतु एक गोष्ट मात्र सर्वांची सारखी आहे, आणि ती म्हणजे सकाळची गाडी.

पहाटे पांचच्या सुमारास घरोघर दिवे लागूं लागतात. गृहिणी पोळ्या लाटते, भाजी फोडणीस टाकते, डबे भरते. आणि तिला स्वतःला कामावर जावयाचें असल्यास चहाचा पेला व दोन बिस्किटें एवढ्यावरच घराबाहेर पडते. दहा-साडेदहाच्या सुमारास तिचे हातपाय गळून जातात, डोकें जड होतें, आणि मग दुसरा चहा येतो. घरीं राहिलेल्या वृद्धांचे दांत पडलेले असतात. ते खारी चहांत बुडवून खातात. मुलगा शाळेस जातो तो मधल्या सुट्टीच्या आशेवर. रात्रीच्या जेवणापासून दुसऱ्या दिवशींच्या दुपारच्या जेवणापर्यंत पंधरा-सोळा तास लोटतात, आणि तेवढ्या अवधींत पोटांत साखर आणि मैदा यांखेरीज फारसें कांहीं गेलेलें नसतें. म्हणून न्याहारी हा चैनीचा विषय नव्हे. घरांतील तीन पिढ्यांच्या शक्तीचा तो प्रश्न आहे.

या प्रश्नाचें एक उत्तर म्हणून अलीकडे शहरांतील घरांत ओट शिरला आहे. वाण्याच्या दुकानांत त्याला ओट्स म्हणतात. घरांतील कोणाच्या तरी रक्तांत चरबीचें प्रमाण वाढलेलें निघतें, डॉक्टर ओट खाण्यास सुचवितात, आणि मुलगा संध्याकाळीं येतांना पुडा घेऊन येतो. दुसऱ्या दिवशीं सकाळीं दुधांत शिजवून जो पदार्थ तयार होतो तो चिकट, बेचव आणि खळीसारखा असतो. दोन दिवस तो नाइलाजानें खाल्ला जातो. तिसऱ्या दिवशीं पुडा फळीवर जातो आणि पावसाळ्यांत त्याला किडे लागतात. येथें दोष धान्याचा नसून रीतीचा आहे. जें धान्य आजीनें कधीं शिजविलें नाहीं, त्याची रीत सुनेस कोण सांगणार? तेव्हां ओट म्हणजे काय, हें प्रथम पाहिलें पाहिजे.

ओट हें थंड हवेंत येणारें तृणधान्य आहे. उत्तर हिंदुस्थानांत त्याला जई म्हणतात, आणि तिकडे तें मुख्यतः गुरांच्या हिरव्या वैरणीसाठीं पेरतात. विलायतेंतही याची थोडी हेटाळणी झालेली आहे. इंग्रजी कोशकार सॅम्युएल जॉन्सन यानें १७५५ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या कोशांत घोड्यांच्या या दाण्यावर स्कॉटलंडांत माणसें जगतात, अशा अर्थाचा टोमणा मारला होता. स्कॉट लोकांनीं त्या टोमण्याची पर्वा न करितां आपली लापशी चालू ठेविली. आणि आज तोच दाणा इंग्लंडांतच नव्हे, तर ठाण्याच्या बाजारांतही मानानें विकला जातो.

बाजारांत मिळणारा चपटा ओट म्हणजे एका अर्थीं ओटाचे पोहेच होत. भात भिजवून, भाजून, कुटून त्याचे पोहे करितात. त्याचप्रमाणें ओटाचा दाणा सोलून, वाफवून, रुळांमधून काढून चपटा करितात. या एका उपमेनें त्याचा स्वभाव ध्यानांत येतो. पोहे जाड व पातळ असतात, तसाच ओटही असतो. दाण्याचे केवळ दोन-तीन तुकडे करून ठेवलेला भरड ओट शिजण्यास पंचवीस-तीस मिनिटें लागतात. अखंड दाण्याचा जाड चपटा ओट सात-आठ मिनिटांत होतो. आणि तुकडे करून अगदीं पातळ लाटलेला, आधींच शिजवून वाळविलेला ओट नुसत्या उकळत्या पाण्यांतही फुगतो. जितका दाणा अधिक फोडलेला व शिजविलेला, तितकें त्यांतील पिष्ट लवकर पचतें आणि रक्तांतील साखर लवकर चढते. म्हणून मधुमेही माणसानें भरड किंवा जाड ओट घ्यावा. मसाल्याच्या तयार पुडींत मीठ, आणि गोड पुडींत साखर, ही पुष्कळदां आधींच भरपूर घातलेली असते. तेव्हां पुडीच्या पाठीवरील बारीक अक्षरें वाचल्यावांचून ती घेऊं नये. साधा ओट घेऊन त्यांत मीठ-मसाला आपल्या हातानें घालणें हेंच शहाणपणाचें.

ओटाचा लौकिक कशामुळें आहे? त्याच्या दाण्यांत बीटा-ग्लुकन नांवाचा, पाण्यांत विरघळणारा तंतुमय पदार्थ असतो. पाण्याशीं मिळून त्याचा बुळबुळीत रस होतो. आंतड्यांत हा रस पित्तरसांतील आम्लांना धरून शरीराबाहेर नेतो. त्यांची भरपाई करण्यासाठीं यकृताला रक्तांतील कोलेस्टेरॉल खर्चावें लागतें, आणि त्यामुळें त्याचें प्रमाण कांहीं अंशीं उतरतें. अमेरिकेच्या अन्न व औषध खात्यानें १९९७ सालीं ही गोष्ट मान्य करून ओटाच्या वेष्टनावर तशा अर्थाचें विधान छापण्यास परवानगी दिली. मात्र त्यासाठीं दिवसास सुमारें ३ ग्रॅम बीटा-ग्लुकन पोटांत जावें लागतें, म्हणजे साधारणपणें ७५ ते ८० ग्रॅम कोरडा ओट खावा लागतो. चहाबरोबर दोन चमचे ओट खाऊन वडापावाचा हिशेब चुकता होत नाहीं. ओट हें अन्न आहे, प्रायश्चित्त नव्हे. आणि डॉक्टरांनीं दिलेल्या औषधाच्या जागीं तो घेण्याचा विचारही कोणी मनांत आणूं नये.

आतां रीत. एक वाटी जाड ओट कोरड्या कढईंत मंद आंचेवर तीन-चार मिनिटें परतावा. खमंग वास सुटला आणि रंग किंचित् बदलला, कीं उतरवावा. हें भाजणें म्हणजे सर्व चवीचें मूळ होय. रवा न भाजतां केलेला सांजा जसा लागतो, तसाच न भाजलेला ओट लागतो. दुसऱ्या भांड्यांत अडीच वाट्या पाणी चवीपुरतें मीठ घालून खळखळून उकळावें आणि त्यांत भाजलेला ओट वैरावा. थंड पाण्यांत घालून चुलीवर ठेविल्यास पेज दाट व एकजीव होते. उकळत्या पाण्यांत वैरल्यास दाणा मोकळा राहतो. ज्यांना खळीचा कंटाळा आहे त्यांनीं दुसरा मार्ग धरावा. एकदां-दोनदां ढवळून आंच मंद करावी आणि पुन्हां पुन्हां ढवळण्याचा मोह टाळावा, कारण फार ढवळल्यानें पिष्ट सुटून चिकटपणा वाढतो. सहा-सात मिनिटांनीं आंच बंद करून भांडें पांच मिनिटें झांकून ठेवावें. पोह्यांना वाफ लागते, तशी यालाही लागते.

मराठी जिभेला तिखटमीठाचा ओट लवकर आवडतो. आणि यांत परंपरेचा भंगही नाहीं, कारण स्कॉट लोक स्वतः आपल्या लापशींत परंपरेनें मीठच घालीत आले आहेत. चमचाभर तेलांत मोहरी, जिरें, कढीलिंब, ठेंचलेलें आलें व हिरवी मिरची यांची फोडणी करावी. तींत मटार, गाजर, फरसबी असें जें घरीं असेल तें बारीक चिरून परतावें. आणि शिजलेला ओट त्यांत मिसळून वर लिंबू पिळावें, कोथिंबीर व थोडें ओलें खोबरें घालावें. गोड हवा असल्यास शिजत आलेल्या ओटांत दूध घालून एक कढ आणावा व साखरेऐवजीं खजुराचे तुकडे किंवा पिकलें केळें कुस्करून घालावें. वेलदोड्याची पूड व मूठभर भाजलेल्या शेंगदाण्यांचा कूट यांनीं चव येते आणि पोटही भरतें. गूळ घातल्यास तो साखरेपेक्षां निरुपद्रवी आहे अशी समजूत करून घेऊं नये. रक्ताला दोहोंतील भेद फारसा कळत नाहीं.

इतकें ओटाचें कौतुक झाल्यावर एक प्रश्न उभा राहतो. थंड देशांतील लोकांनीं आपल्या डोंगरांत जें पिकलें त्याची पेज केली. मग ठाण्याच्या डोंगरांत काय पिकतें? काखेंत कळसा आणि गांवाला वळसा, ही म्हण येथें अक्षरशः लागू पडते. शहापूर व मुरबाड तालुक्यांतील, तसेंच २०१४ सालीं ठाण्यापासून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्यांतील जव्हार व मोखाडा या भागांतील वरकस जमिनींत ठाकूर, कातकरी, वारली हे लोक पिढ्यान् पिढ्या नाचणी व वरी पिकवीत आले आहेत. डोंगरउतारावरील ज्या हलक्या जमिनींत भात उभा राहत नाहीं, तेथें नाचणी तग धरते. तिचा दाणा नीट वाळवून ठेविला तर वर्षानुवर्षें टिकतो व त्याला कीड लागत नाहीं. म्हणून दुष्काळांत तिनेंच माणसें जगविलीं.

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०१७ सालीं प्रसिद्ध केलेल्या अन्नघटकांच्या कोष्टकांत नाचणीचे आंकडे पाहण्यासारखे आहेत. १०० ग्रॅम नाचणींत सुमारें ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम असतें. सडीक पांढऱ्या तांदळांत तें सात-आठ मिलिग्रॅमच असतें. तंतुमय भाग नाचणींत ११ ग्रॅमांहून अधिक, तर तांदळांत ३ ग्रॅमांहून कमी आहे. लोहही तांदळाच्या कित्येक पट आहे. प्रथिनांत मात्र ओट पुढें आहे: त्याच्यांत १०० ग्रॅमांस तेरा ग्रॅमांच्या आसपास, तर नाचणींत सातच्या आसपास. ही उणीव ताकानें, दुधानें किंवा शेंगदाण्यानें भरून निघते, आणि जुन्या बायका नाचणी ताकांत कां शिजवीत, याचा उलगडा येथें होतो. हिंदुस्थानच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनीं २०२३ हें वर्ष भरड धान्यांचें वर्ष म्हणून पाळलें. नाचणीला व्यासपीठावर मान मिळाला. परंतु पिकतें तेथें विकत नाहीं. आंबील म्हणजे गरिबाचें अन्न, कामकऱ्याचें अन्न, अशी जी लाज एकदां मनांत बसली ती घोषणांनीं जात नाहीं. नोकरी लागली, पगार आला, तेव्हां घरांतून सर्वांत आधीं गेली ती आंबील, आणि तिच्या जागीं आलें बिस्किट. जिला आंबील करितां येते अशी वृद्ध स्त्री आजही अनेक घरांत कोपऱ्यांत बसलेली असते. तिला कोणी विचारीत नाहीं, इतकेंच. तिच्यामागें ही विद्या राहील कीं नाहीं, हें ती असतांना कोणी शिकून घेतें कीं नाहीं, यावरच अवलंबून आहे.

आंबिलीची रीत गाडी गांठणाऱ्या माणसाला विशेष सोयीची आहे, कारण तिचें निम्में काम रात्रींच होतें. एका माणसासाठीं तीन मोठे चमचे, म्हणजे सुमारें ३० ग्रॅम, नाचणीचें पीठ अर्ध्या वाटी आंबट ताकांत गुठळ्या मोडून कालवावें आणि झांकून ठेवावें. रात्रभरांत तें आंबतें. ताकांतील जंतु पिठांत आम्ल तयार करितात. त्यामुळें चव येते, आणि धान्यांत फायटेट म्हणून जें द्रव्य असतें व जें लोह आणि कॅल्शियम यांना अडवून धरतें, तें कांहीं प्रमाणांत मोडतें. सकाळीं दीड-दोन वाट्या पाणी मीठ घालून उकळावें, आंच मंद करावी, आणि एका हातानें कालवण ओतीत दुसऱ्या हातानें सारखें ढवळावें. ओटाला ढवळणें वर्ज्य. आंबिलीला तें अवश्य. सात-आठ मिनिटांत पिठाचा कच्चा वास जाऊन चकाकी येते. मग भांडें उतरवून आंबील कोमट होऊं द्यावी, आणि त्यानंतरच वाटीभर ताजें ताक मिसळावें. गरम असतांना ताक घातल्यास तें फाटतें व त्यांतील हितकर जंतूही मरतात. ठेंचलेली लसूण, भाजलेल्या जिऱ्याची पूड, कोथिंबीर आणि वाटल्यास बारीक चिरलेला कांदा, एवढें घातलें कीं झालें. पितांना चमचाही लागत नाहीं. मिठाविषयीं एवढेंच, कीं जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसास ५ ग्रॅमांहून कमी मीठ सांगते. ताक, लसूण आणि जिरें हीं तीन असतांना अधिक मिठाची गरज भासत नाहीं.

लहान मुलांसाठीं व आजाऱ्यांसाठीं नाचणीचें सत्त्व करितात. नाचणी धुऊन आठ ते बारा तास भिजत घालावी, पाणी निथळून ओल्या फडक्यांत बांधून ठेवावी, आणि एक-दीड दिवसांत बारीक मोड आले कीं कडक उन्हांत वाळवून, हलकी भाजून दळावी. मोड येतांना दाण्यांत असें एक पाचक द्रव्य उत्पन्न होतें, कीं जें पिष्टाला मोडून पातळ करितें. साध्या पिठाची पेज दोन चमच्यांतच घट्ट होते, व ती पातळ करावी तर मुलाच्या इवल्याशा पोटांत नुसतें पाणी जातें. मोडाच्या पिठाची पेज मात्र अधिक पीठ घालूनही पातळ राहते, म्हणजे तेवढ्याच वाटींत अधिक अन्न जातें. भाजणें जर फार झालें तर हा गुण नष्ट होतो. हें काम फाल्गुन-चैत्रांत उरकावें. ठाण्याच्या पावसाळी हवेंत दाणा वाळत नाहीं आणि त्याला बुरशी येते. बुरशी आलेला दाणा धुऊन वापरणें हें काटकसरीचें लक्षण नसून धोक्याचें आहे. सहा महिने पूर्ण झाल्यावर मुलाला आईच्या दुधाबरोबर ही पेज सुरू करावी, आणि वर्षाच्या आंतील मुलाच्या पेजेंत मीठ, साखर वा मध घालूं नये.

कांहीं खुलासे येथें अवश्य आहेत, कारण स्तुतीच्या भरांत अन्नाचेंही नुकसान होतें. नाचणीनें साखर वाढत नाहीं, ही समजूत खरी नव्हे. बारीक पिठाची पातळ पेज रक्तांतील साखर बरीच लवकर चढविते. मधुमेही माणसानें ती मापानें घ्यावी, ताक, डाळ किंवा शेंगदाणे यांच्या जोडीनें घ्यावी, आणि शक्य तेथें पेजेऐवजीं भाकरी खावी. तसेंच, प्रौढ माणसाला दिवसाकांठीं १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतें असें आपल्याकडील पोषणशास्त्रज्ञांनीं २०२० सालीं ठरविलें आहे. ३० ग्रॅम नाचणींत तें सुमारें ११० मिलिग्रॅम येतें, आणि फायटेटमुळें तेंही सगळें अंगीं लागत नाहीं. लोहाची गोष्ट याहून बिकट आहे. स्त्रीला दिवसास २९ मिलिग्रॅम लोह सांगितलें आहे, आणि वाटीभर आंबिलींतून दीड मिलिग्रॅमही मिळत नाहीं. म्हणून ज्या स्त्रीच्या अंगीं रक्त कमी आहे तिनें आंबिलीवर भिस्त न ठेवतां डॉक्टरांकडून तपासून घ्यावें व गोळ्या नेमानें घ्याव्या. लोह अंगीं लागण्यास लिंबू किंवा आवळा साहाय्य करितो, आणि चहा त्याच्या आड येतो. सबब चहा न्याहारीबरोबर न घेतां तासभर मागें-पुढें घ्यावा. घरांत एकच बदल करावयाचा असेल तर हा करावा. त्याला पैसा लागत नाहीं. ज्यांना गव्हांतील ग्लूटेन सोसत नाहीं त्यांना नाचणी निर्धास्त चालते. ओटांत मात्र गव्हाचा अंश मिसळलेला असूं शकतो, म्हणून त्यांनीं सावध असावें.

तर मग ओट घ्यावा कीं नाचणी? हा वाद निरर्थक आहे. ज्याच्या रक्तांत कोलेस्टेरॉल अधिक आहे त्याच्यासाठीं ओटाचा पुडा आणला तर तो पैसा वायां जात नाहीं. ज्या घरांत वाढतीं मुलें व झिजलेल्या हाडांचीं वृद्ध माणसें आहेत, तेथें नाचणीचा डबा भरलेला असणें बरें. आठवड्यांतून तीन दिवस एक आणि तीन दिवस दुसरी, असें ठेविल्यास जिभेला कंटाळा येत नाहीं. सातव्या दिवशीं गाडी गांठावयाची नसते, तेव्हां पोहे किंवा थालीपीठ आहेच. ध्यानांत ठेवावयाचें तें हें, कीं हीं दोन्ही धान्यें मुळांत कष्टकऱ्यांचीं आहेत, आणि दोन्ही पेजा ज्यांना पहाटे उठून कामाला लागावें लागे अशा माणसांनींच शोधून काढल्या. कोपरीच्या गृहिणीचें काम त्यांच्याहून हलकें नाहीं. डबे सर्वांचे भरल्यावर तिनें स्वतःसाठीं एक वाटी ओतून, पांच मिनिटें बसून ती प्यावी. आणि तीं पांच मिनिटें तिला मिळतील एवढी व्यवस्था घरांतील इतरांनीं करावी. रात्रीं पीठ ताकांत कालवून ठेवणें हें काम तर कोणालाही करितां येण्यासारखें आहे.